पायाखालची पोकळी : कोळसा, कायदा आणि वस्ती

आपल्याकडे कोळशाचा इतिहास टनांत लिहिला जातो. कोणत्या साली किती टन निघाला, कोणत्या कंपनीने काढला, रेल्वे कोठवर पोचली, हे सांगणारी पुस्तके ग्रंथालयात मिळतात. कोळसा काढून नेल्यावर जमिनीखाली जी पोकळी उरली तिच्याबद्दल मात्र या पुस्तकांत दोन ओळीही सापडत नाहीत. फार तर 'जमीन खचण्याची समस्या' असे एखादे शीर्षक शेवटच्या प्रकरणात येते, आणि तेही इंजिनियरांच्या भाषेत. जणू ती पोकळी कोणा माणसाच्या घराखाली नाहीच!

त्या पोकळीचाही इतिहास आहे, असे मला म्हणायचे आहे. ती कशी झाली, कोणी केली, भरायचे ठरवूनही का भरली नाही आणि तिच्यावर नेमकी कोणाची वस्ती आली, या चार प्रश्नांची उत्तरे खडकात सापडत नाहीत. ती कायद्यात, हिशेबवहीत आणि जातीत शोधावी लागतात.

१

प्रथम पोकळी कशी होते ते समजून घेऊ. आपल्या कार्यकर्त्यांनी हे तंत्र 'साहेबांचा विषय' म्हणून सोडून दिले, तर मोर्चा नेऊनही आपण साहेबांच्याच शब्दांवर अवलंबून राहू.

भारतातल्या जुन्या भूमिगत खाणींत कोळसा एकाच पद्धतीने काढला गेला. थरात आडव्या-उभ्या गल्ल्या खोदायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे. छताचा भार या खांबांवर असतो. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत हे खांबही कापून काढतात. खाणीतले लोक याला डिपिलरिंग म्हणतात, आणि जी रिकामी जागा उरते तिला गोफ म्हणतात. गोफातले छत आपोआप कोसळते किंवा कोसळू दिले जाते. वरचा खडक खाली येतो, आणि त्याच्या मागोमाग जमीन बसते.

भरणी न करता छत असे पाडले तर काढलेल्या थराच्या जाडीच्या निम्म्याहूनही अधिक जमीन खाली जाऊ शकते. उलट वाळू पाण्याबरोबर नळातून खाली सोडून गोफ नीट भरला, तर हीच खचण जाडीच्या सुमारे पाच टक्क्यांवर येते. या भरणीला स्टोइंग म्हणतात. खोल खाणीवरची जमीन बशीसारखी पसरट बसते. भिंतींना तडे जातात, विहिरी आटतात. खाण उथळ असेल तर मात्र इशारा न देता विहिरीसारखा खड्डा पडतो. खांब ठेवून बंद केलेली खाणही सुरक्षित असते असे नाही. खांब वर्षानुवर्षे झिजतात. खाणीत साचलेले पाणी काही प्रमाणात छताला आधार देत असते. ते उपसले की तोही आधार जातो. जमिनीला पडलेल्या भेगांतून हवा आत शिरते, उरलेला कोळसा तापतो आणि पेट घेतो. आगीने खांब जळतात, आणखी भेगा पडतात, आणखी हवा आत जाते. झरियाची आग अशीच वाढत गेली.

याचा अर्थ असा की खचण हा निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. किती कोळसा काढायचा, किती खांब ठेवायचे, वाळू भरायची की नाही, या निर्णयांचा तो परिणाम असतो. निर्णय म्हटला की तो घेणारा आला आणि भोगणाराही आला.

२

राणीगंजच्या कोळशाला १७७४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन गोऱ्या नोकरांनी हात घातला. १८३६ साली द्वारकानाथ टागोरांनी राणीगंजची खाण विकत घेतली. १८४३ साली बंगाल कोल कंपनी उभी राहिली आणि १८५५ साली रेल्वे राणीगंजला पोचली. झरियाचा पट्टा रेल्वेबरोबरच १८९० नंतर उघडला. एवढा भाग सर्व पुस्तकांत आहे.

कायमधाऱ्याच्या व्यवस्थेने जमिनीखालचे धनही जमीनदाराच्या नावावर जमा झाले होते. झरियाच्या राजासारख्या जमीनदारांनी छोटे छोटे तुकडे पट्ट्याने दिले आणि दर टनामागे रॉयल्टी घेतली. पट्टेदाराचे हित एकच : पट्टा संपण्याच्या आत जेवढे निघेल तेवढे, आणि सोपे आहे तेवढे काढून घ्यायचे. मग खांब बारीक होत गेले, शेजाऱ्याच्या हद्दीत गल्ल्या शिरल्या, नकाशे अर्धवट राहिले. भरणी ही पट्टेदाराला खर्चाची बाब होती. तिचा फायदा पुढच्या पिढीला मिळणार होता, आणि पुढची पिढी कोणत्याही पट्ट्यावर सही करीत नसते.

आणि खाली उतरले कोण? राणीगंजला पहिले कोळसा कापणारे म्हणून बाउरींचे नाव येते, त्यांच्याबरोबर संथाळ. झरियात भुईया, रजवार, तुरी, संथाळ, पुढे बिलासपूरकडचे लोक. यांतल्या बहुतेकांची नावे आज अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांत सापडतील. कंपनीने काही ठिकाणी जमीनदारीच विकत घेतली आणि कुळांना जमीन दिली ती एका अटीवर : खाणीत काम करावे लागेल. शेत हवे असेल तर अंधारात उतर. आपल्या गावगाड्यातल्या वतनाचे स्वरूप ज्यांना माहीत आहे त्यांना ही अट परकी वाटणार नाही. वतन नाव तेवढे बदलते, दोरी तीच असते.

काम कुटुंबाचे होते. पुरुष कापायचा, बाई टोपली डोक्यावर घेऊन चढ चढायची. १९२० च्या आसपास खाणकामगारांत स्त्रिया साधारण एक तृतीयांश होत्या. त्यांना कामिन म्हणत. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने भूगर्भातून बाहेर काढायचे ठरले आणि १९३७ पर्यंत बंदी पूर्ण झाली. बाईचा जीव वाचावा हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण घरातली एक मजुरी गेली तिची भरपाई कोणी केली नाही.

३

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. वाळूने पोकळी भरता येते हे कोणाला माहीत नव्हते काय? माहीत होते. १९२० सालीच ट्रेहार्न रीस यांच्या अहवालाने वाळू भरणीची शिफारस केली होती. त्याआधी, १९१६ साली, झरियातील भौरा खाणीत आगीची पहिली नोंद झाली होती. म्हणजे रोगही दिसला होता आणि औषधही ठाऊक झाले होते. खाणमालकांना खर्च नको होता आणि सरकारला मालक दुखवायचे नव्हते. १९३६ साली पुन्हा समिती नेमली गेली, १९३७ साली तिचा अहवाल आला, आणि १९३९ साली कोळसा खाण सुरक्षा (स्टोइंग) कायदा झाला. कोळशावर उपकर बसवून भरणीला साहाय्य द्यावे अशी त्यात तरतूद होती.

शिफारशीपासून कायद्यापर्यंत एकोणीस वर्षे! या एकोणीस वर्षांत जे खांब कापले गेले त्यांच्या जागा आजही पोकळ आहेत. इतिहासात उशिरालाही वजन असते. झरियात ते वजन छतावर पडले.

१९५२ साली नवा कायदा आला, त्यात सुरक्षेबरोबर कोळशाचे जतनही आले. दामोदराच्या पात्रातली वाळू रज्जुमार्गाने खाणींकडे नेण्यात आली. पण ज्या गोफाचा नकाशाच नाही तो भरायचा कसा, आणि ज्या थराला आग लागली आहे त्यात उतरायचे कोणी, हे प्रश्न तसेच राहिले.

४

या इतिहासात बाबासाहेबांचे स्थान काय, हे आपल्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण केवळ जयजयकाराने ते कळत नाही. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले, स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. ज्या माणसाच्या जातीला गावच्या पाणवठ्यावर उतरू दिले जात नव्हते, तो माणूस हिंदुस्थान सरकारचा मंत्री म्हणून कोळशाच्या खाणीत उतरला. लगेच, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावरच उपकर बसवून त्यातून घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांसाठी पैसा उभा करायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे १९४७ साली त्याचा कायदा झाला. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतीसाहाय्याच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा घडवून आणल्या.

त्याच काळात युद्धासाठी कोळसा कमी पडतो म्हणून १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांवरील भूगर्भबंदी उठविली, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर वाद झाला तेव्हा सरकारची बाजू बाबासाहेबांनाच मांडावी लागली. युद्धकाळापुरता हा उपाय आहे आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. हा प्रसंग झाकून ठेवण्याची गरज नाही. सत्तेत बसलेल्या आपल्या माणसासमोरही पर्याय दुसऱ्यांनीच ठरविलेले असतात, हे त्यातून दिसते. आणि त्या मर्यादेतही समान मजुरीचे तत्त्व त्यांनी सोडले नाही, हेही दिसते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने १९३९ आणि १९४४ हे दोन उपकर शेजारी ठेवून पाहावेत. एक पोकळी भरण्यासाठी, दुसरा तिच्यात राबणाऱ्या माणसासाठी. दोन्हींमागचे तत्त्व एकच : कोळशाच्या किमतीतच त्याच्या नुकसानीचा खर्च धरला पाहिजे. हे तत्त्व मनापासून पाळले गेले असते, तर पुढची अर्धी कहाणी घडली नसती.

५

राष्ट्रीयीकरण झाले. कोकिंग कोळशाच्या खाणी १९७२ साली आणि उरलेल्या १९७३ साली सरकारच्या झाल्या. १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली आणि आपल्याकडे नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय आले. कामगाराला पगार, क्वार्टर, दवाखाना मिळू लागला. आपल्या अनेक घरांतला पहिला मॅट्रिक याच पगारावर शिकला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु खाजगी मालकांनी ठेवलेल्या पोकळ्या, आगी आणि अर्धवट नकाशे हाही वारसा सरकारकडे आला. पुढे उत्पादनाचा भर खुल्या खाणींवर गेला; आज कोल इंडियाचा नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. त्यामुळे 'भूमिगत खाणी कमी झाल्या, प्रश्न मिटला' असा एक समज पसरला आहे. खाण बंद होते, पोकळी बंद होत नाही.

१९५७ च्या कोळसा खाण विनियमांत एक कलम होते. रेल्वे, सार्वजनिक रस्ता, इमारत किंवा खाणमालकाच्या मालकीचे नसलेले कायम बांधकाम यांच्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीवाचून खोदू नये, खांब काढू नयेत. वाचायला कलम चांगले आहे. पण शब्द तपासा : 'कायम बांधकाम', 'मालकाच्या मालकीचे नसलेले'. मातीच्या भिंतीची, पत्र्याच्या छपराची झोपडी कायम बांधकामात मोडते काय, हे ठरविणार साहेब. आणि मजुरांचे धौरे, म्हणजे कंपनीने बांधलेल्या चाळी, मालकाच्याच मालकीचे. निदान या कलमाच्या शब्दांत रेल्वेचा रूळ जेवढा स्पष्ट दिसतो, तेवढे मजुराचे बिऱ्हाड दिसत नाही.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तेथे १९५० साली जमीन खचण्याबाबत जो कायदा झाला त्याचा रोख लहान राहत्या घरांवर होता. १९५७ साली त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. घराचे नुकसान झाले तर दुरुस्ती करणे किंवा पैसे देणे ही राष्ट्रीय कोळसा मंडळाची जबाबदारी झाली. तेथल्या कामगारांची संघटना मजबूत होती आणि तिला मताचे बळ होते. त्याच १९५७ साली आपल्या विनियमांनी कोठे खोदू नये ते सांगितले. खोदल्यामुळे घर पडले तर ते कोण बांधून देणार, हे त्या कलमाने सांगितले नाही.

६

कोणाचे नुकसान लवकर दिसते याचा ताजा दाखलाही आहे. भूमिगत आगीमुळे धोका आहे म्हणून १५ जून २०१७ रोजी धनबाद-चंद्रपुरा हा ३४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बंद करण्यात आला. प्रवासी वाचावेत म्हणून गाड्या थांबल्या, हे योग्यच झाले. २०१९ साली मार्ग पुन्हा सुरू झाला. रेल्वेसाठी निर्णय एका आदेशात होतो. त्या पट्ट्यातल्या वस्त्यांसाठी काय झाले?

आसनसोल भागातील कामगार नेते आणि खासदार हराधन रॉय यांनी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्या रेट्यातून पुढे झरिया-राणीगंजचा बृहत् आराखडा तयार झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. एकूण ९,७७३.८४ कोटी रुपये. त्यांपैकी झरियासाठी ७,११२.११ कोटी. २००४ च्या पाहणीप्रमाणे झरियात ५९५ ठिकाणी ५४,१५९ कुटुंबे धोक्यात होती. आराखड्याची मुदत २०२१ साली संपली. दरम्यान २०१९ च्या पाहणीत कुटुंबांची संख्या सुमारे १ लाख ४ हजारांवर गेली. आगीची ठिकाणे ७७ वरून २७ वर आली, असे सरकार सांगते. ही प्रगती आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने झरियासाठी ५,९४०.४७ कोटींचा सुधारित आराखडा मंजूर केला.

आता या कुटुंबांची विभागणी पाहा. सरकारी कागदात दोन रकाने आहेत : कायदेशीर हक्कधारक आणि बिगर-हक्कधारक. २०१९ च्या पाहणीत दोन तृतीयांशांहून अधिक कुटुंबे दुसऱ्या रकान्यात आहेत. त्यांना सोप्या भाषेत अतिक्रमणदार म्हणतात. ज्याच्या आजाला खाणीसाठी बोलावून आणले, ज्याच्या आजीने टोपली वाहिली, तो तीन पिढ्यांनंतर अतिक्रमणदार ठरतो, कारण त्याच्याकडे कागद नाही. कागद का नाही? जमीन जमीनदाराची, नंतर कंपनीची, नंतर सरकारची. ती त्याची कधी होऊ दिली नव्हती. आधी जमीन नाकारायची आणि मग जमिनीचा कागद मागायचा, हा जुना न्याय आपल्याला नवा नाही.

त्यांच्यासाठी झरियापासून दूर बेलगड़िया येथे वसाहत बांधली. लहान खोल्या, जवळ काम नाही. कोळसा वेचून, डोक्यावर वाहून, सायकलवर विकून जगणारा माणूस कोळशापासून दूर नेला की घर मिळते आणि चूल विझते. म्हणून लोक जातात आणि परत येतात. 'यांना धोक्यातच राहायचे आहे' असे बोलणारे या परतीमागचा हिशेब पाहत नाहीत. सुधारित आराखड्यात दोन्ही रकान्यांतील कुटुंबांना एक लाखाचे उपजीविका अनुदान आणि तीन लाखांपर्यंतच्या कर्जाची सोय धरली आहे. म्हणजे घराबरोबर रोजगारही द्यावा लागतो, हे मान्य व्हायला सोळा वर्षे लागली.

७

हे सगळे बंगाल-झारखंडचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. वरोऱ्याची खाण सरकारने १८७० च्या दशकात चालविली आणि १९०६ साली बंद केली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा असा वर्धा खोऱ्याचा पट्टा वाढला. चंद्रपूर शहराच्या अंगाला लागून महाकाली आणि लालपेठच्या खाणी आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चांद्याला धम्मदीक्षा दिली, त्याच चांद्याच्या आसपास ही पोकळी पसरलेली आहे.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक आख्खे घर जमिनीत गेले. जुन्या भूमिगत खाणीवरची ती वस्ती. घर हादरू लागले तेव्हा घरातली माणसे बाहेर पळाली म्हणून वाचली. मागे साठ-सत्तर फूट खोल खड्डा राहिला. शेजारच्या कुटुंबांना हलविण्यात आले. ज्या खाणीचा भोंगा कित्येक वर्षांपूर्वी बंद झाला, ती खाण त्या दिवशी पुन्हा बोलली.

तेव्हा करायचे काय? 'कोळसा बंद करा' अशी घोषणा देऊन आपल्याच कामगाराची भाकरी काढून घेण्यात अर्थ नाही. मागण्या नेमक्या हव्यात. बंद खाणींचे नकाशे गुप्त कागद म्हणून कार्यालयात ठेवू नयेत. ते ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत, मराठीत, लोकांना दिसतील असे लावावेत. कोणते घर कोणत्या गल्लीवर आणि किती फुटांवर आहे, हे त्या घरातल्या बाईला कळले पाहिजे. ज्या गोफात उतरता येत नाही, तेथे वरून छिद्रे पाडून भरणी करता येते. वाळू नसेल तर औष्णिक केंद्रांची राख आहे, खुल्या खाणींतून निघालेली माती आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यात या दोन्हींची टंचाई नाही. पाणी उपसण्यापूर्वी वरच्या वस्तीला विचारले पाहिजे. आणि पुनर्वसनाचा आधार मालकीचा कागद न धरता वास्तव्य आणि श्रम धरला पाहिजे. जो पोकळीवर राहतो तो हक्कधारक, ही आपली व्याख्या.

शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाही यात काम आहे. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. आमच्या वाडवडिलांना सातबारा वाचून घ्यायलाही दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे, आणि वाचून दाखविणारा जे सांगेल ते खरे मानावे लागे. खाणीचा नकाशा हा जमिनीखालचा सातबारा आहे. तो वाचायला शिकणे, म्हाताऱ्या कामगारांकडून बुजलेल्या इन्क्लाइनच्या आणि जुन्या गल्ल्यांच्या जागा विचारून टिपून ठेवणे, तडा गेलेल्या प्रत्येक भिंतीची तारीख लिहिणे, हे काम महाविद्यालयातली मुले सुट्टीत करू शकतात. अधिकृत नकाशा जेथे अर्धवट आहे तेथे म्हाताऱ्याची आठवण हाच पुरावा असतो, आणि ही म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना गावाने जमीन दिली नाही, म्हणून ते खाणीकडे आले. खाणीने काम दिले आणि पायाखालची जमीन काढून घेतली. आता त्याच जमिनीचा हिशेब मागायचा आहे, आणि तो टनांत मागून चालणार नाही. तो घरांत मागावा लागेल : किती घरांखाली पोकळी आहे, ती कोणाच्या नफ्यासाठी झाली, आणि कोणत्या तारखेपर्यंत भरून देणार. या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत आपण जागचे हलता कामा नये.